वाणात काय द्यायचं?

"ताई, काय करायलात?"

भिंतीपलीकडून हा प्रश्न आला की समजायचं, पलीकडे काहीतरी शिजलंय आणि ते कुकरमध्ये नाही. आमच्या सिडकोतल्या रो-हाऊसांची मधली भिंत छातीएवढी आहे. ती कुणी ठरवली कोण जाणे, पण ठरवणाऱ्याला कोपर टेकायला किती उंची लागते ते बरोब्बर ठाऊक होतं. संक्रांत तोंडावर, मी ओट्यावर बसून तीळ निवडत होते.

"तीळ निवडतेय. बोला वहिनी."

"कोपऱ्यावरच्या सरांचं कळलं का?"

सर म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले, गल्लीच्या तोंडाशी राहणारे. पुढचं सगळं मी ऐकलं तसं सांगते. वहिनींचे हातवारे तेवढे तुम्ही आपापले घाला.

"पाऊण लाखाची सायकल आणली म्हणे. पाऊण लाखाची! डोक्यावर ते खरबुजासारखं हेल्मेट, हातमोजे, अन् ती घट्ट चड्डी. रविवारी पहाटे पाचला निघतात, दौलताबादचा घाट चढून खुलताबादला भद्रा मारुतीला जाऊन येतात. अन् सोमवारी डेअरीतून दही आणायला कार काढतात."

"२०२५च्या सप्टेंबरात सायकलीवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला ना, तेवढीच स्वस्त पडली असेल."

"पडू द्या. आपल्याला काय करायचंय?"

'आपल्याला काय करायचंय' हे वाक्य वहिनींच्या तोंडून आलं की मी ताट मांडीवरून खाली ठेवते. विषय मोठा आहे हे त्यावरून कळतं.

"काल सही मागायला आले होते. सायकलवाल्यांसाठी सरकारनं नियम करावेत म्हणायलेत. गल्लीतून शंभर सह्या पाहिजेत. मी म्हणलं, सर, आमच्याकडं सायकलच नाही, आमची सही कामून? तर म्हणे, वहिनी, उद्या नातू चालवील. अहो, माझा नातू बेंगळुरात, त्याला इथल्या रस्त्याचं काय? अन् इथं नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी यायलंय. नव्या पाइपलाइनसाठी रस्ते उकरून ठेवलेत. माणसं पडायलीत खड्ड्यात. अन् यांना सायकलीला पट्टा पाहिजे!"

"वहिनी, हे तुम्ही सुप्रीम कोर्टाच्या तोंडचं बोललात."

"म्हणजे?"

"२०२५च्या फेब्रुवारीत देशभर वेगळे सायकल ट्रॅक करा, अशी याचिका गेली होती. न्यायमूर्ती अभय ओक यांच्या खंडपीठानं ती ऐकून घेतली नाही. झोपडपट्ट्यांत माणसं कशी राहतात ते बघा, गरिबांच्या घरांना राज्यांकडे पैसा नाही अन् तुम्हाला सायकल ट्रॅक हवेत, असा सूर होता कोर्टाचा."

वहिनींचा चेहरा असा खुलला की विचारू नका. पदर सावरून घराकडे तोंड करून त्या ओरडल्या, "ऐकलं का हो? मी म्हणले तेच कोर्ट म्हणलं!" आतून काही उत्तर आलं नाही. त्यांचे ते क्रिकेट बघत असावेत.

मला मात्र त्या निकालाचं तेव्हाही नवल वाटलं होतं आणि आताही वाटतं. कोर्टानं झोपडपट्टी दाखवली ते ठीक; पण सायकल निघते कुठून? आमच्या शहरात रविवारी दौलताबादच्या घाटात दिसतात त्या सायकली वेगळ्या आणि रोज संध्याकाळी चिकलठाण्याच्या एमआयडीसीतून पाळी सुटल्यावर दिसतात त्या वेगळ्या. दुसऱ्या प्रकारच्या सायकलवाल्याला पट्टा म्हणजे चैन नव्हे. तो त्या रस्त्यावर आहेच, पट्टा असो नसो.

"आता आपल्या वॉचमनचंच बघा," मी म्हटलं.

कोपऱ्यावरच्या नव्या अपार्टमेंटचा वॉचमन चिकलठाण्याकडून येतो. विमानतळ, मुकुंदवाडी, सिडको चौक, असा सगळा जालना रोड. त्याची सायकल तुम्ही नीट बघितली आहे का? मी परवा बघितली, तो गेटला टेकवून पाणी प्यायला गेला तेव्हा. सीट फाटलेली, तिच्यावर किराणा दुकानाची कापडी पिशवी उलटी करून बांधलेली. मागच्या कॅरिअरला जेवणाचा डबा, आणि तो आवळायला जुन्या ट्यूबची कापलेली पट्टी. मागचं मडगार्ड नाही. मडगार्डच नाही म्हटल्यावर त्यावरचा लाल काचेचा रिफ्लेक्टर कुठून असणार? पुढे दिवा नाही, मोबाइलची टॉर्च लावून तो मोबाइल शर्टाच्या खिशात ठेवतो. म्हणजे अंधारात शर्टाच्या कापडातून एक फिकट चौकोन पुढे सरकताना दिसतो, तेवढाच. मागून येणाऱ्या ट्रकला तर तोही दिसत नाही. आणि सरांच्या सायकलीला, रविवारी पहाटे रिकाम्या रस्त्यावर, मागे लाल लुकलुकणारा दिवा असतो.

"हां, ते खरंय," वहिनी जरा नरमल्या. "आमचे हे पण सुरुवातीला रांजणगावला खोली करून राहायचे. वाळूजला कंपनीत सायकलनंच पाळीला जायचे. दिवसभर दुचाकीचे पार्ट बनवायचे अन् रात्री सायकल दामटत घरी. मग स्कूटर घेतली. त्या दिवशी पेढे वाटले आम्ही. सायकल सुटली म्हणून!"

पेढे सायकल सुटली म्हणून. हे वाक्य मी मनात टिपून ठेवलं. सायकल चालवा, प्रदूषण टाळा, तब्येत राखा, असं सांगणाऱ्यांनी एकदा या घरांत येऊन बसावं. इथे सायकल ही ज्याला परवडत नाही त्याची खूण आहे, आणि म्हणूनच तिच्यासाठी कुणी भांडत नाही. भांडायची ऐपत येईपर्यंत माणूस स्कूटरवर गेलेला असतो.

इतक्यात आबांची खुर्ची करकरली. आबा म्हणजे वहिनींचे सासरे. ऐकू कमी येतं म्हणतात, पण भिंतीपाशी काय चाललंय ते त्यांना सगळं ऐकू येतं.

"सायकलीला नियम नाहीत कोण म्हणतं? आमच्या टायमाला नियमच नियम होते. बिल्ला लावायचा, वर्षाचा कर भरायचा. रात्री बत्ती पाहिजे. डबल सीट बंद. पोलिसानं धरलं की चाकाची हवा सोडायचा, अन् मग बसा हापसत पंपानं. मिलिंद कॉलेजातून आम्ही दोघं एका सायकलवर यायचो, तर चौकाआधी एक जण उतरून पायी चालायचा अन् चौक ओलांडला की पुन्हा टांग टाकायचा."

मिलिंद महाविद्यालय म्हणजे बाबासाहेबांनी १९५० साली नागसेनवनात सुरू केलेलं. तिथली पोरं तेव्हा तासाच्या भाड्यानं सायकल घेऊन गुलमंडी, पैठण गेटपर्यंत येत. आबांनी ते सगळं रंगवून सांगितलं, त्यात पाणचक्कीजवळ कुणाच्या अंगावर सायकल घातली तेही आलं. ते इथे नको, ती बाई अजून आहे.

पण आबांनी मुद्दा अगदी नेमका धरला. महाराष्ट्रात गावोगावी सायकलीचा कायदा होता तो सायकलवाल्याला धरण्यासाठी. बिल्ला गेला, कर गेला, हवा सोडणंही गेलं, आणि त्या जागी काहीच आलं नाही. १९८८च्या मोटार वाहन कायद्याच्या लेखी सायकल ही मोटार वाहन नाही. म्हणून लायसन्स नको, पासिंग नको, विमा नको. ही सवलत बरीच आहे. पण कायद्यात नाव नाही म्हणजे रस्त्यावर जागाही नाही, असा सोयीचा अर्थ सगळ्यांनी काढला आहे.

"जागा दिली होती की," वहिनी म्हणाल्या. "क्रांती चौकातून स्टेशनकडं पट्टा मारला होता ना? त्या करोनाच्या आगंमागं?"

दिला होता. २०२० मध्ये केंद्राच्या शहरी मंत्रालयानं शहरांसाठी सायकलींची स्पर्धा काढली होती, त्यात आपली स्मार्ट सिटीही उतरली. क्रांती चौक ते रेल्वे स्टेशन रस्त्यावर कडेनं पट्टा आखला. शेवटी देशभरातून जी ११ शहरं निवडली गेली त्यांत महाराष्ट्रातली नागपूर आणि पिंपरी-चिंचवड होती, आपण नव्हतो. पट्ट्यावर गाड्या लागायला लागल्या. वहिनींचा भाऊ त्या बाजूला राहतो.

"भाऊ म्हणला, बरं झालं, पार्किंगला जागा झाली! चांगली रंगवून दिली म्हणला."

"वहिनी, फुटपाथवर अन् सायकलीच्या पट्ट्यावर मोटार घालायची नाही, हा नियम १९८९ पासून आहे."

"भावाला कोण सांगणार? तुम्ही सांगा."

मी सांगणार नाही. वहिनींच्या माहेरच्यांशी मी वाकडं घेत नाही.

पुण्याचंही काही वेगळं नाही. माझी बहीण तिथे असते. पूर्वी सायकलींचं शहर म्हणवणाऱ्या त्या गावानं २०१७च्या डिसेंबरात मोठा सायकल आराखडा मंजूर केला, त्याच सुमारास मोबाइलवर उघडणाऱ्या भाड्याच्या रंगीबेरंगी सायकली आल्या आणि वर्ष-दोन वर्षांत मोडून, चोरून, हरवून गेल्याही. बहीण म्हणते, ट्रॅक आहेत, पण त्यावरून स्कूटर जास्त सुसाट जातात. तेही पुण्यात, जिथे माणसं एकमेकांना रस्त्यात थांबवून नियम सांगतात!

"मग सरांच्या कागदात आहे तरी काय?" वहिनींनी आता दोन्ही कोपरं टेकली.

कागद मी वाचला होता. सरांचं मराठी जरा जड आहे, 'सबब', 'उपरोक्त' असलं पुष्कळ, पण माणसानं अभ्यास केलाय. मी आपलं वहिनींना सोपं करून सांगितलं. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा १३८व्या कलमात '१अ' म्हणून एक भर पडली. इंजिन नसलेली वाहनं आणि पायी चालणारे यांच्याबद्दल राज्य सरकारनं नियम करावेत, असा अधिकार त्यात दिलाय. दुसरं २१०ड : रस्ता बांधायचा कसा, राखायचा कसा, याचे नियम. पुढे ७ ऑक्टोबर २०२५ला सुप्रीम कोर्टानं सगळ्या राज्यांना सांगितलं, सहा महिन्यांत हे दोन्ही नियम करा. म्हणजे २०२६च्या एप्रिलपर्यंत. आणि गंमत म्हणजे ही मूळ याचिका कुणा सायकलवाल्याची नव्हेच. कोइमतूरचे हाडांचे डॉक्टर एस. राजशेखरन यांनी २०१२ साली ती केली. मोडलेले पाय जोडून जोडून कंटाळले असतील बिचारे.

"म्हणजे आधी कोर्ट नाही म्हणलं, मग हो म्हणलं?"

"आधी ट्रॅक मागितले होते, त्याला पैसा लागतो. नियम लिहायला काय लागतं, कागद अन् पेन."

"अन् इच्छा," आबा आतून म्हणाले. ऐकू येत नाही त्यांना!

वहिनींना एवढ्यावर भाचीची आठवण झाली. भाची नेदरलँड्समध्ये, आयंधोवनला, नवरा-बायको दोघं आयटीत. तिनं मध्ये व्हिडिओ कॉलवर सांगितलं होतं की तिचा सहा वर्षांचा मुलगा सायकलनं शाळेत जातो, पावसातसुद्धा. वहिनींना तेव्हा ते हालच वाटले होते. "मी म्हणले, एवढा पगार, अन् लेकराला व्हॅन नाही लावत? तर म्हणे, आत्या, इथं मोटारवाला सायकलला धडकला तर मोटारवालाच देणं लागतो."

ते तसंच आहे. तिकडच्या कायद्यात नुकसानभरपाई मोटारवाल्यावर येते. आणि धडक बसलेलं पोर १४ वर्षांखालचं असलं तर जवळजवळ पूर्णच. पण हे काही त्यांच्या रक्तात नव्हतं हो. १९७१ साली त्या एवढ्याशा देशात तीन हजारांहून जास्त माणसं रस्त्यावर मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं होती. तेव्हा आई-बापच रस्त्यावर उतरले. पोरांची हत्या थांबवा, असं चळवळीचं नावच ठेवलं होतं त्यांनी. आपल्याकडे २०२२ मध्ये देशभरात साडेचार हजारांहून जास्त सायकलवाले गेले, हे सरकारच्याच अहवालात आहे. आपण मात्र 'वाईट झालं' म्हणून पुढे जातो. धडक देणारा पळून गेला तर मरणाऱ्याच्या घरच्यांना २ लाख आणि गंभीर जखमीला ५० हजार मिळतात, २०२२च्या एप्रिलपासून ही रक्कम वाढली आहे; सायकलवाल्यालाही ती लागू आहे. गल्लीत कुणाला ठाऊक होतं? मलाही कागद वाचूनच कळलं.

"मग सही करायला काय हरकत?" वहिनी म्हणाल्या. बाई अशी, एकदम दुसऱ्या टोकाला!

"हरकत आहे," मी म्हटलं, "म्हणजे मला एक धास्ती आहे."

त्या '१अ'मध्ये नियम करायचे म्हणजे सायकलवाल्याला जपायचं असंच काही लिहिलेलं नाही. त्याचं रस्त्यावरचं येणं-जाणं नियंत्रित करायचं, असंही त्यातून निघतं. कोलकात्यात २०१३ साली पोलिसांनी दीडशेहून अधिक रस्त्यांवर सायकललाच बंदी घातली होती. दूधवाला, पेपरवाला, गवंडी, सगळे गल्लीबोळांतून. ओरड झाली तेव्हा यादी कमी केली. आमच्याकडे २०२५च्या जूनपासून मुकुंदवाडीकडे जेसीबी चालले, दुकानं पाडली, जालना रोड रुंद करायचाय म्हणून. रुंद झाला की गाड्या आणखी सुसाट जाणार. तेव्हा कुणीतरी एसीत बसून म्हणेल, एवढ्या वेगाच्या रस्त्यावर सायकल कशाला, बंद करा, त्यांच्याच जिवाचं बघतोय आपण. झालं! नियमही झाला आणि कोर्टाचा हुकूमही पाळला. खरं तर रस्ता नव्यानं होतोय तेव्हाच कडेला सायकलीपुरती जागा धरून ठेवणं सगळ्यात स्वस्त. पण ते सांगायला बैठकीत कोण असणार? सर असतील. सर सज्जन आहेत, पण सरांना रात्री नऊ वाजता जालना रोडवरून यायचं नसतं.

"मग वॉचमनला बोलवा की बैठकीला."

"रविवारी सकाळी बैठक ठेवलीय सरांनी. तेव्हा तो रात्रपाळी करून झोपलेला असतो."

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी विषय बदलला असं मला वाटलं. महापालिकेची निवडणूक लागलेली. २०२० पासून नगरसेवकच नव्हते, तेव्हा सगळ्यांना एकदम समाजसेवेचा उमाळा आलेला. एकीकडून हळदी-कुंकवाचं आमंत्रण होतं, दुसरीकडून खेळ पैठणीचा. कुणाकडे वाणात काय दिलं, कुणाचा डबा फुटका निघाला, कुणी एकाच घरी दोनदा जाऊन आलं, हे सगळं निघालं. त्यातली नावं मी घेत नाही, आचारसंहिता होती.

आणि मग एकदम, "ताई, ते मागं चमकतं ते केवढ्याला मिळतं हो? लाल?"

"रिफ्लेक्टर? अहो स्वस्त असतो. सायकलच्या दुकानात मिळेल."

"यंदा वाणात तेच देते. प्लास्टिकचे डबे माझ्याच घरी अठरा पडलेत."

मी हसले, मग म्हटलं, "वहिनी, तुमच्या हळदी-कुंकवाला येणाऱ्या बायकांत सायकल कुणाकडे आहे?"

त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि पहिल्याच बोटावर थांबल्या. मग म्हणाल्या, "वॉचमनच्या बायकोला बोलवते. शेवंतीच्या हारवालीला. अन् ती समोरच्यांकडं पोळ्याला येते ना, ती सायकलवरच येते." आबांनी आतून घसा खाकरला, कारण पोळ्यावाल्या बाईचा नवरा गेल्याला दोन वर्षं झालीत. वहिनींनी मागे न बघताच सांगितलं, "आबा, ते जुनं झालं आता. बोलवायचंच."

एवढ्यात वॉचमन आलाच, अंधार पडायच्या बेताला. वहिनींनी त्याला भिंतीपाशी थांबवलं आणि मी जे अर्धा तास सांगितलं ते दोन मिनिटांत सांगून टाकलं, कोइमतूरच्या डॉक्टरसकट. त्यानं एक पाय जमिनीवर टेकवून सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, सही केली तर सायकलला पासिंग लागंल का?"

"नाही लागणार. सायकल मोटारीत धरतच नाहीत."

"दंड?"

वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. दंडाबद्दल सरांच्या कागदात एक अक्षर नव्हतं. दिवा सक्तीचा करा, असं मात्र होतं, तिसऱ्या कलमात. सरांच्या दृष्टीनं ते सुरक्षेचं होतं. त्याच्या दृष्टीनं तो चौकात हात आडवा करणारा पोलीस होता. आता याला काय सांगायचं? मी म्हटलं, "कागदात लिहायला लावते, दिवा सरकारनं द्यावा अन् सायकलवाल्याला दंड नको. तसं लिहिलं तर कराल?"

त्यानं डब्याची पट्टी उगाच एकदा ओढून बघितली. "मग करतो. पण पहिल्या नंबरला नको ताई. सोसायटीवाल्यांनी बघितलं तर म्हणतील, वॉचमन पुढारी झाला. मधी कुठंतरी करतो."

"मधी म्हणजे कुठं?"

"कुणाच्या तरी खाली."

"माझ्या खाली कर," वहिनी म्हणाल्या, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की त्यांनी अजून सही केलेलीच नाही. "ताई, पेन द्या बघू. अन् तो कागद सरांकडून तुम्हीच आणा. मी गेले तर ते मला सायकलीवर बसवतील."